रेघेची ॲलर्जी

'कलेला कुंपण नसतं' हे वाक्य आमच्या भागात सध्या फार स्वस्त झालं आहे. ढोलपथकांच्या किंवा लेझीमच्या स्पर्धेचा निकाल लागला आणि एखाद्या संघाचे गुण 'सीमारेषा ओलांडली' म्हणून कापले गेले, की हे वाक्य मंडपातून बाहेर पडतं, चहाच्या हॉटेलात जाऊन बसतं आणि बक्षीस समारंभात प्रमुख पाहुण्यांच्या तोंडून पुन्हा ऐकू येतं. इस्लापूर, हिमायतनगर, किनवट या पट्ट्यात तर ते जरा जास्तच भाव खातं, कारण इथे त्याला एक शेपूट जोडता येतं: 'आमची पोरं डोंगरातली, जंगलातली. नाच त्यांच्या रक्तात आहे. त्यांना पुण्या-मुंबईच्या रेघा दाखवू नका.' टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांत ज्या पोरांचे गुण कापले ती सहसा नसतात. ती तेव्हा ढोल टेम्पोत चढवत असतात.

मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणू नये म्हणून समोरच्यांचं म्हणणं आधी पुरतं मांडतो. ढोल वाजवणं हा उत्स्फूर्त आविष्कार आहे. वादक रंगात आला की त्याला जमिनीवरची रेघ दिसत नाही, आणि दिसूही नये. कोपऱ्यात निशाण घेऊन उभा असलेला माणूस वादन ऐकत नाही, नुसते पाय बघतो. अर्ध्या गुणाने बक्षीस हुकतं आणि महिनाभर तालीम केलेल्या पोरांचं मन मोडतं. शिवाय हे नियम बाहेरून आलेले. आपल्या लोककलेत असलं काही नव्हतं. आणि शेवटी हुकमी पान: सर्वोच्च न्यायालयानेसुद्धा ढोल-ताशाला मोकळीक दिली, मग हे गावचे पंच कोण लागून गेले?

आता एकेक घेऊ.

लोककलेत रेघ नव्हती, असं म्हणणाऱ्या माणसाने दिवाळीत इस्लापूरपासून किनवटकडे जाऊन एखाद्या गोंड वस्तीवरची दंडार बघितली आहे का? बघितली असेल तर रिंगणाच्या कडेला उभं राहून बघितली असणार, कारण आत कुणी कुणाला घेत नाही. दंडारीत नाचणाऱ्या घुसाडीचा मोरपिसांचा टोप डोक्यावर चढला की तो चढवणाऱ्यावर दीक्षा येते. दीक्षेच्या दिवसांत आंघोळ नाही, आणि ती सुटते ती कोलाबोडीच्या विधीनेच. मध्येच कंटाळा आला म्हणून नदीवर जाऊन अंग धुऊन या, आणि मग गावातल्या जाणत्यांना सांगा की कलेला कुंपण नसतं. काय उत्तर मिळेल ते मी इथे लिहीत नाही. शेजारच्या तेलंगणातल्या मार्लवाईच्या कनकराजूंना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच घुसाडीसाठी, आणि त्यांनी आयुष्यभर केलं काय? पोरांना शिकवलं. जे रक्तातच असतं ते शिकवायला गुरू कशाला लागतो? 'त्यांच्या रक्तात नाच आहे' हे ऐकायला कौतुक वाटतं खरं, पण त्यात त्या पोरांच्या तालमीला, त्यांच्या गुरूला आणि त्यांच्या शिस्तीला शून्य गुण दिलेले असतात. दोन गुण कापणाऱ्या पंचापेक्षा हा पाहुणा जास्त कापतो.

बरं, आदिवासी राहू द्या. टाळ-मृदंगाचा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा मेळा कुठला? वारी. तिथे तरी मोकळीक असेल! एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखीला जी घडी घालून दिली, ती आजही चालते. रथापुढे सत्तावीस दिंड्या, प्रत्येकीला तिचा क्रमांक. रथामागच्या दिंड्यांनाही क्रमांक. पुढची दिंडी मागे नाही, मागची पुढे नाही. रिंगणात अश्व धावतो तेव्हा लाखांची गर्दी कडेला थोपून धरलेली असते. मुक्कामावर समाज आरतीला चोपदाराने हातातला दंड उंच केला की सगळा तळ गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तेवढीच टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो. हातात दंड घेतलेला अधिकारी, ठरलेली जागा, ठरलेला क्रम, तक्रारीची ठरलेली पद्धत. वारकऱ्यांची भक्ती यामुळे आटली असं कुणाच्या ऐकिवात आहे का?

तेव्हा 'बाहेरून आलेलं' हा मुद्दा इथेच संपायला हवा. पण तो संपत नाही, कारण तो मुळात कलेचा मुद्दा नसून मराठवाड्याच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवण्याचा आहे. आपल्याला पाण्याचा अनुशेष आहे, रस्त्यांचा आहे, रेल्वेचा तर आहेच. मुदखेड-आदिलाबाद मार्गावर गाडीची वाट बघणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. पण त्यावरचा उपाय म्हणून नियमांचाही अनुशेष ठेवायचा? बाकी ठिकाणच्या पोरांना पूर्ण आखलेलं मैदान, आणि आमच्या पोरांना 'असू द्या, डोंगरातली आहेत'? ही सवलत मागणाऱ्यांना तिच्यातला अपमान दिसत नाही, याचंच मला नवल वाटतं.

मुद्दा दुसरा: रंगात आलेल्या वादकाला रेघ दिसत नाही. हे म्हणणारा माणूस कधी सीमारेषेच्या कोपऱ्यात उभा राहिलेला नसतो. मी राहिलेलो आहे, हातात लाल निशाण घेऊन, पायावर फक्की उडेपर्यंत. तिथून जे दिसतं ते सांगतो. पथक सरळ पुढे येताना जवळपास कुणीच रेघ ओलांडत नाही, वादन कितीही रंगात असो. ओलांडतात ते वळणावर. आणि त्याचं कारण रंग नसतो, गणित असतं.

दहा ढोलांची एक रांग धरा. ढोल कंबरेला बांधला आणि टिपरू मारायला हात मोकळा हवा, तर दोन वादकांत मीटरभर अंतर लागतंच. म्हणजे रांग झाली नऊ मीटरची. आता ही रांग एका टोकाचा वादक जागेवर ठेवून काटकोनात फिरवायची. आतला गडी जागच्या जागी पाय आपटत फिरतो. बाहेरच्या टोकाच्या गड्याला तेवढ्याच वेळात चौदा मीटर चालावं लागतं. वळण सोळा ठोक्यांत बसवलं असेल तर त्याचं प्रत्येक पाऊल जवळजवळ ऐंशी-नव्वद सेंटिमीटरचं पडलं पाहिजे, कंबरेला ढोल बांधून, ठोका न चुकवता. आतल्याने जागा धरली नाही, एक पाऊल जरी तो बाहेर सरकला, तरी ते पाऊल रांगेतून ढकललं जात शेवटच्या गड्यापर्यंत पोचतं. आणि तो शेवटचा गडी, बहुतेक वेळा पथकातला सगळ्यात ताकदीचा पोरगा, रेघेबाहेर पडतो. प्रेक्षकांना वाटतं, बिचारा रंगात आला होता. तो रंगात नव्हता, तो दुसऱ्याची चूक पायांनी भरत होता.

म्हणून गुण पथकाचे कापतात, त्या पोराचे नाही. रेघेवरचं पाऊल सांगतं ते रांगेबद्दल: तालीम वळणांची झाली की नुसत्या ठेक्यांची? मैदान मोजून तालीम केली, की गावातल्या गल्लीत उभं राहून? पहिला हात, दुसरा हात हे ठेके बसवायला आठवडे घातले आणि चाल शेवटच्या दोन दिवसांत उरकली? हे सगळं तो पायाखालचा चुना सांगतो. ज्याला हे वाचता येत नाही तो म्हणतो, पंच वादन ऐकत नाही. अहो, ऐकायला बाकीचे तीन पंच बसलेले आहेत की! चौथ्याचं काम पाय बघण्याचंच आहे. बसच्या कंडक्टरला कुणी विचारतं का, की तुम्ही गाडी का चालवत नाही?

आणि इथेच सगळ्या गोंधळाचं मूळ आहे. गुण देणं वेगळं, दंड करणं वेगळं. गुणपत्रिकेवर ताल, सफाई, रचना, वेशभूषा यांचे रकाने असतात. तिथे पंचाची मर्जी चालते, चालायलाच हवी, कारण तो कलेचा निवाडा आहे. दंडाचा रकाना त्याखाली असतो, बेरीज झाल्यानंतरचा. तो तुमच्या कलेबद्दल अवाक्षर काढत नाही. तो एवढंच म्हणतो, की सगळ्यांना सारखी जागा आणि सारखा वेळ दिला होता. तुम्ही जास्तीचा घेतलात, त्याची ही किंमत. दंडाने कलेचा अपमान होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी दोन रकाने एकत्र वाचलेले असतात.

हा फरक जगात जे खूप झटापट करून शिकले त्यांचं उदाहरण द्यायला हरकत नाही. अमेरिकेत ड्रम कोअर म्हणून प्रकार आहे. पितळी वाद्यं, ढोल आणि निशाणं घेतलेली शंभराच्या वर पोरंपोरी फुटबॉलच्या मैदानावर चालत, धावत, आकृत्या करत वाजवतात. त्यांची राष्ट्रीय पातळीवरची मोठी स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला सुरू झाली. सुरुवातीला तिथे प्रत्येक चुकीला एक दशांश गुण वजा करण्याची पद्धत होती. पंच वह्या घेऊन रांगांमधून हिंडायचे आणि कुणाची काठी मागेपुढे पडली की खूण करायचे. वादनाचा निवाडा असा चुका मोजून होत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि १९८४ पासून ती पद्धत मोडीत निघाली. पण तिच्याबरोबर त्यांनी नियमभंगाचा दंडही मोडीत काढला का? नाही. वेळ आणि दंड यांसाठी वेगळा पंच ठेवला. कलेला मोकळीक, अटींना नाही. आमच्याकडचे कुंपणविरोधक पहिलं अर्धं उदाहरण सांगतात आणि दुसरं गिळतात.

त्याच स्पर्धेत १९९९ साली दोन पथकं ९८.४ गुणांवर बरोबरीत सुटली आणि अजिंक्यपद वाटून द्यावं लागलं. एक दशांशाचा दंड कुणालाही झाला असता तर विजेता एकच राहिला असता. 'एवढ्याशा गुणाने काय होतं' म्हणणाऱ्यांसाठी हे. आणि १९७५ मध्ये न्यू जर्सीच्या मुचाचोस या तगड्या पथकाला वयाची मर्यादा ओलांडलेला एक वादक सापडला म्हणून सरळ स्पर्धेबाहेर काढलं होतं. एका माणसापायी अख्खं पथक! आमच्याकडे असं झालं असतं तर त्या पोराचं आधारकार्ड रात्रीतून दुरुस्त झालं असतं.

राहिलं मन मोडण्याचं. कबड्डी आमच्या भागातल्या प्रत्येक पोराला चालायला लागल्यापासून येते. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद मैदान, दोन्ही बाजूंना मीटरभराची लॉबी. चढाई करणाऱ्याचा अंगठा बाहेर टेकला की तो बाद. झटापट झाली की लॉबी आत धरतात, झटापट नसेल तर नाही, इतका बारीक कायदा दहा वर्षांच्या पोराला तोंडपाठ असतो. बाद झाल्यावर तो काय करतो? शिव्या घालतो, बाहेर बसतो, आपला भिडू जिवंत करील याची वाट बघतो. त्याचं मन मोडलं म्हणून कुठल्या आमदारांनी भाषण केल्याचं मला तरी आठवत नाही. तेच पोरगं ढोल कंबरेला बांधलं की एकदम काचेचं कसं होतं? ते होत नाही. काचेचे असतात ते त्याचे पाठीराखे.

आणि मन मोडण्याचाच हिशेब करायचा तर दुसऱ्या बाजूचाही करा. रेघेच्या आत राहायचं म्हणून ज्या पथकाने आपली सगळ्यात देखणी आकृती आखडती घेतली, वळण छोटं केलं, दोन ढोल कमी करून रांग आटोपशीर ठेवली, त्या पोरांच्या मनाचं काय? त्यांनी नियम पाळून तोटा सोसला आणि मोडणाऱ्याला तुम्ही 'रंगात आला होता' म्हणून सोडून दिलं. पुढच्या वर्षी ती पोरं काय शिकून येतील? तुम्ही शिकवलं तेच.

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबतो. रेघ नसेल तर फायदा कुणाचा होतो? तांड्यावरचं, वस्तीवरचं पथक येतं ते बारा ढोल, चार ताशे घेऊन; त्यातले दोन ढोल उसने. तालुक्याच्या गावचं पथक येतं ते साठ वादकांचं, सोबत ध्वजवाले, मर्दानी खेळवाले, मागे व्हिडिओ काढणारे. मर्यादा उठवा, आणि साठ जणांचं पथक प्रेक्षकांच्या सतरंजीपर्यंत पसरतं, आवाजाने आणि आकाराने मैदान भरून टाकतं. बारा ढोलांचं पथक त्यानंतर उभं राहिलं की मैदान रिकामं वाटतं आणि पंचालाही नकळत ते फिकं वाटतं. आखलेल्या चौकोनात मात्र साठांना आपली गर्दी सांभाळावी लागते, आणि बारा जणांना तीच जागा वळायला, खुलायला पुरते. ती चुन्याची रेघ मैदानावर एवढीच एक गोष्ट आहे जी पथकाकडे पैसा किती आहे हे विचारत नाही. तिला विरोध करणारे स्वतःला लोककलेचे कैवारी म्हणवतात. कुठल्या लोकांच्या?

सुरक्षिततेचं मी दोनच वाक्यांत संपवतो, कारण ते सांगावं लागणं हीच शरमेची गोष्ट आहे. पहिल्या रांगेत मांडी घालून पाच-सहा वर्षांची लेकरं बसतात आणि त्यांच्यासमोर माणसं काठी, पट्टा आणि बारा-पंधरा फुटांचा ध्वज फिरवतात. त्यांच्या मधलं अंतर ठरवणाऱ्या रेघेला 'कुंपण' म्हणून हिणवणाऱ्याने आपलं नातवंड आधी त्या रांगेत बसवावं.

आता न्यायालयाचं पान. झालं काय होतं? ३० ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या खंडपीठाने गणेशोत्सवातल्या ढोल-ताशा-झांज पथकांवर तीस जणांची मर्यादा घातली. पथकं सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १२ सप्टेंबरला त्या मर्यादेला स्थगिती मिळाली. मला विचाराल तर बरंच झालं; मिरवणुकीत किती जणांनी वाजवायचं हे असं सरसकट आकड्याने ठरवणं मलाही पटलेलं नव्हतं. पण यातून निघालं काय? स्थगिती होती रस्त्यावरच्या उत्सवातल्या एका संख्येला. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम उठले नाहीत. रात्री दहाची अट उठली नाही. शांतता क्षेत्र होतं तिथेच राहिलं. स्पर्धेचा तर तिथे संबंधच नव्हता. मिरवणूक आणि स्पर्धा यांत फरक आहे, हो. मिरवणुकीत कुणी पहिला येत नसतो. ज्या क्षणी तुम्ही प्रवेश अर्ज भरलात, संघाची यादी दिलीत आणि ढाल जिंकायला मैदानात उतरलात, त्या क्षणी इतरांच्या बरोबरीने मोजलं जाण्याचं तुम्ही कबूल केलंत. मोजमाप नको असेल तर गणपतीपुढे रात्री दहापर्यंत मनसोक्त वाजवा. तिथे मी तुमच्या मागे झांज घेऊन येईन.

एक आक्षेप तेवढा खरा आहे, आणि तो हे कैवारी मोठ्याने बोलत नाहीत, कारण त्यात त्यांचेही हात अडकलेले असतात. पंच आपल्यातलाच असतो. त्याचा भाचा एखाद्या पथकात असतो, देणगी देणाऱ्याचं गाव त्याला माहीत असतं, आणि निशाण कधी वर जातं, कधी जात नाही. दुसरं पथक उतरेपर्यंत चुना पायांनी पुसलेला असतो आणि तिसऱ्याच्या वेळी रेघ होती कुठे यावरच वाद. मान्य. पण यावरचा इलाज रेघ पुसणं कसा काय? मापात पाप करणारा दुकानदार सापडला म्हणून बाजारातून तराजूच काढून टाकता का? पंच पक्षपाती असेल तर रेघेशिवाय तो आणखी मोकाट सुटतो, कारण मग सगळंच त्याच्या मर्जीवर. रेघ असते तेव्हा निदान शंभर माणसं म्हणू शकतात, 'पाय बाहेर होता, आम्ही बघितला.' हा एकच रकाना असा आहे जिथे प्रेक्षक पंचाला धरू शकतो. तोच आधी काढून टाका म्हणणाऱ्यांचा हेतू मग मला कलेचा वाटत नाही.

तेव्हा तुमची सवलत नको, तुमची कीवही नको. येत्या शिवजयंतीपासून आम्हाला हवं ते एवढं: प्रत्येक पथकाआधी रेघ नव्याने मारा, दर वेळी, फक्कीचं पोतं संपलं तरी दुसरं आणून. चारही कोपऱ्यांवर चार माणसं उभी करा, आणि ती स्पर्धेत उतरलेल्या कुठल्याही गावची नसावीत. एका पावलाला किती, मिनिट जास्त घेतल्यास किती, वस्तू रेघेबाहेर पडली तर किती, हे प्रवेश अर्जाच्या पाठीमागेच छापा. निशाण वर गेलं की ते फळ्यावर तिथल्या तिथे लिहा, रात्री बंद खोलीत नाही. तक्रार असेल त्या पथकाला निकालाआधी दहा मिनिटं द्या. आणि एकदा लिहिलेला दंड कुणाच्याही फोनवर पुसू नका, मग तो फोन नांदेडहून आला असो की मंत्रालयातून.

प्रमुख पाहुण्यांनी भाषणात 'कलेला कुंपण नसतं' म्हणायला माझी हरकत नाही. फक्त त्यांच्या भाषणालाही वेळ ठरवून द्या, आणि ती ओलांडली तर त्याच निशाणवाल्याला निशाण वर करू द्या.